डोंगर, वर, खाली

भारतात गेलं की एक प्रश्न हमखास विचारला जातो. "जपानी बोलता येतं ते समजलं, पण ती लिपी? ती चित्रं? ती वाचता येतात का हो तुम्हाला?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो आणि "येतात थोडी थोडी" असं म्हणून विषय बदलतो. इतकी वर्षं इथे काढूनही हे "थोडी थोडी" काही सुटलेलं नाही. पण त्या थोड्यांमधलं एक अक्षर आम्ही जन्मात विसरणार नाही. त्याचीच ही हकीकत.

आम्ही १९९६च्या सुरुवातीला तोक्योला आलो. लेक तेव्हा दोन वर्षांची होती. आपल्याकडची माणसं त्या वेळी फार नव्हती. डाळ संपली की कुणी भारतातून येणार आहे का, याची चौकशी करावी लागे. नव्याचे नऊ दिवस संपल्यावर आमच्या लक्षात आलं की, बाजारात गेलो तरी आम्ही अक्षरशत्रूच. मीठ समजून साखर आणली, हा प्रकार आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी झाला असेल. आमच्या घरी तो दोनदा झाला.

म्हणून वॉर्डाच्या सभागृहात शनिवारी संध्याकाळी चालणाऱ्या जपानीच्या वर्गात आम्ही आळीपाळीने जाऊ लागलो. एकाने वर्गात बसायचं, दुसऱ्याने लेकीला सांभाळायचं, आणि घरी आल्यावर जो शिकला त्याने दुसऱ्याला शिकवायचं. शिकवणाऱ्या सेनसेई सत्तरीच्या आजीबाई होत्या. हिरागाना आणि काताकाना ही दोन वळणं लवकर आली. अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न हा क्रम पाहून तर हायसंच वाटलं. सेनसेई म्हणाल्या, "हा क्रम तुमच्याकडूनच आलाय. बौद्ध भिक्षू संस्कृतची अक्षरं शिकायचे ना, त्यांच्यामुळे." माहेरचं माणूस भेटावं तसं झालं.

पण कांजीपाशी गाडी अडली. चिनी वळणाची ही अक्षरं. प्रत्येकाला अर्थ, आणि बहुतेकांना दोन-दोन, तीन-तीन उच्चार. रोजच्या वापराची म्हणून सरकारने ठरवलेली तेव्हा १९४५ होती. २०१० साली यादी सुधारली आणि ती २१३६ झाली. पहिलीच्या पोरांना त्यांतली ८० येतात. वर्षभराच्या खटपटीनंतर आम्ही दोघं मिळून फार तर दुसरीत जाण्याच्या लायकीचे झालो असतो.

अशात १९९७च्या एप्रिलमध्ये आई-बाबा कर्जतहून आमच्याकडे आले. बाबा आमच्यापैकी एकाचे वडील आणि एकीचे सासरे. पण त्यांच्याशी कुणाचं जास्त जमायचं, हे सांगणं कठीण. उभी हयात रेल्वेत गेलेली. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जी जादा इंजिनं जोडतात, त्या बँकरवर ते ड्रायव्हर होते. आपण लहानपणी कर्जतला गाडी थांबली की वडे घ्यायला धावायचो. ती गाडी वड्यांसाठी थांबत नसते, बँकर जोडायला थांबते, हे बाबा प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत.

बाबांना तोक्योची देवळं आणि बागा दाखवून झाल्या. त्यांना खरी ओढ होती गाड्यांची. तेव्हा ऑफिसातल्या एका स्नेह्याने सुचवलं, "उसुई तोगेला घेऊन जा. सप्टेंबरअखेर ती लाइन बंद होणार आहे." गुन्मा आणि नागानो या दोन प्रांतांच्या मधला हा डोंगर. १९९८च्या हिवाळी ऑलिंपिकआधी शिनकानसेन तयार करून जुना घाटमार्ग बंद करायचा, असं ठरलेलं होतं.

मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही उएनोहून 'आसामा' गाडी पकडली. योकोकावा स्टेशन आलं आणि गाडी थांबली. पाहतो तर सगळा डबा फलाटावर! निम्मी माणसं कॅमेरे घेऊन मागच्या टोकाला पळत होती आणि निम्मी खाद्यपदार्थांच्या गाडीकडे. बाबा पहिल्या घोळक्यात आणि आम्ही दुसऱ्या. मागे दोन निळी इंजिनं येऊन हळूच गाडीला टेकली. बाबा आम्हाला हाका मारत होते, "अरे, बँकर! बघा, बँकर जोडतायत!" शेजारच्या जपानी गृहस्थांना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी बाबांना कमरेत वाकून नमस्कार केला.

योकोकावा ते कारुइझावा हे अंतर फक्त ११ किलोमीटरच्या आसपास, पण चढ सुमारे ५५० मीटरचा. आपल्या बोरघाटाचा चढ सदतिसास एक. इथला पंधरास एक. १८९३ साली लाइन सुरू झाली तेव्हा रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवून गाड्या वर चढवत असत. १९६३ साली ती काढली आणि ही जोड-इंजिनं आली. बाबांनी आम्हाला एकच प्रश्न त्या गृहस्थांना विचारायला लावला, "किती व्होल्टवर चालते?" उत्तर आलं, पंधराशे, डीसी. बाबांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. कर्जतलाही तेव्हा पंधराशे डीसीच होतं.

गाडी सुटली. फलाटावरचे विक्रेते ओळीने उभे राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत वाकून नमस्कार करत होते. आम्ही घेतलेली वस्तू मांडीवर होती. 'तोगे नो कामामेशी', म्हणजे मातीच्या जाडसर भांड्यातला, कोंबडी, बांबूचे कोंब, मशरूम, चेस्टनट, जर्दाळू असं काय काय घातलेला भात. १९५८ सालापासून या स्टेशनवर तो मिळतो. बाबा खूश. आईचा शनिवार. तिने दशम्या आणि बटाट्याची भाजी सोडली आणि म्हणाली, "ते मडकं मात्र टाकू नका हं. दही मस्त लागेल त्यात."

बाबांनी भांड्यावरचा कागद हातात घेतला. "हे मोठं अक्षर काय आहे रे?"

आम्ही पाहिलं. आम्हाला येत नव्हतं. "वर्षभर वर्गाला जाताय ना?" बाबा म्हणाले. आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघायला लागलो. तेव्हा समोरच्या गृहस्थांनीच तळहात पुढे केला आणि बोटाने त्यावर लिहून दाखवलं. डावीकडे डोंगर: मधली रेघ उंच, दोन्ही बाजूंना बुटक्या आणि खाली त्यांना जोडणारी. उजवीकडे दोन अक्षरं एकाखाली एक. वरचं 'वर' आणि खालचं 'खाली'. तिन्ही अक्षरं पहिलीतली! आम्हाला तिन्ही येत होती. एकत्र आली तेव्हा मात्र ओळखता आली नाहीत.

"डोंगर, वर, खाली," बाबा मोठ्याने म्हणाले. एक क्षण थांबले आणि म्हणाले, "घाट."

आमच्या आधी बाबांनी कांजी वाचली. त्यांनी खिशातलं पेन काढून त्या कागदाच्या मागे ते अक्षर थोडं वेडंवाकडं गिरवलं आणि खाली मराठीत लिहिलं: डोंगर, वर, खाली = घाट. वर आम्हाला म्हणाले, "ज्याने हे अक्षर केलं ना, तो घाटातला माणूस असणार. नुसता शहरातला असता तर 'डोंगर, वर' एवढ्यावरच थांबला असता. चढताना इंजिनाची परीक्षा असते, उतरताना ड्रायव्हरची. आम्ही माथ्यावर ब्रेक तपासल्याशिवाय गाडी खाली सोडत नसू."

पुढच्या शनिवारी वर्गात सेनसेईंना हे सांगितलं. त्यांनी सांगितलं, हे अक्षर चीनमधून आलेलंच नाही. ते जपानी लोकांनी घरी तयार केलं. अशा अक्षरांना 'कोकुजी' म्हणतात. माणूस आणि हालचाल ही दोन चिन्हं मिळून 'काम करणं'. विस्तव आणि शेत मिळून कोरडवाहू शेत. भाताचं खाचर निराळं. तसंच हे तोगे. म्हणून याला चिनी वळणाचा दुसरा उच्चारही नाही. आणि 'तोगे' हा शब्द 'तामुके'वरून आला असं मानतात. तामुके म्हणजे देवाला वाहिलेलं काही. जुन्या काळी वाटसरू खिंडीत पोचले की पुढचा प्रवास सुखरूप व्हावा म्हणून तिथल्या देवाला काहीतरी वाहत. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग आपला शिंगरोबा कोण?" बोरघाटाची वाट दाखवणाऱ्या त्या धनगराच्या देवळापाशी गाड्यांतून नाणी टाकणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

इथपर्यंत सगळी मजा होती.

जूनमध्ये इथला पाऊस सुरू झाला. बाबांना खोकला झाला. "कर्जतच्या पावसापुढे हा काय पाऊस," असं म्हणून त्यांनी तो अंगावर काढला आणि आम्हीही काढू दिला. खरं सांगायचं तर डॉक्टरकडे जायची आम्हालाच भीती. भाषेची भीती, खर्चाची भीती. त्यांचा प्रवासाचा विमा होता, पण त्यात काय बसतं आणि काय नाही, ते बारीक अक्षरांत. चौथ्या दिवशी रात्री त्यांना धड श्वास घेता येईना. अँब्युलन्स बोलावली. इस्पितळात फोटो काढले आणि निदान झालं: 'हाइएन'. तो शब्द आम्ही कॉरिडॉरमध्ये उभे राहून खिशातल्या शब्दकोशात शोधला. न्यूमोनिया. दोन्ही फुप्फुसांत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, फार भराभर बोलत. आम्ही मान हलवत होतो आणि समजत काहीच नव्हतं. शेवटी ते सावकाश म्हणाले, "कोन्या गा तोगे देस्."

कोन्या म्हणजे आज रात्री. पण पुढचं? 'तोगे' म्हणजे काटा, एवढंच आमच्या डोक्यात. महिन्याभरापूर्वी लेकीच्या बोटात कुसळ गेलं होतं तेव्हा शिकलेला शब्द. घाटाच्या 'तोगे'तला 'तो' लांबवायचा असतो. पण घाबरलेल्या कानांना ऱ्हस्व-दीर्घ कुठलं कळायला! आज रात्री काटा? घशात काही अडकलंय का? कसलं ऑपरेशन करणार आहेत का? आमचे चेहरे पाहून बाजूची नर्स पुढे आली. तिने आमच्यापैकी एकाचा हात धरला, तळवा उघडला आणि त्यावर बोटाने लिहिलं.

डोंगर. वर. खाली.

तळहातावर ती नऊ रेघांची खूण उमटायला पाच सेकंदं लागली असतील. पण त्या पाच सेकंदांत आम्हाला जे समजलं, ते अर्ध्या तासाच्या बोलण्यातून समजलं नव्हतं. आज रात्री घाटमाथा आहे. तो पार झाला तर झाला.

आई बाकावर बसली होती, मांडीवर लेक झोपलेली. तिने विचारलं, "काय म्हणाले रे डॉक्टर?"

वाचकहो, आपल्याकडे अशा वेळी काय सांगतात हे तुम्हाला माहीत आहे. "काही काळजीचं नाही, सुधारतायत." आम्हीही तेच सांगणार होतो. आमची नजरानजर झाली आणि तसं ठरलंसुद्धा. पण तळहातावर अजून त्या बोटाचा स्पर्श होता. आणि हा शब्द असा होता की, तो आईपासून लपवण्याचं कारणच उरलं नव्हतं. तीस वर्षं ती या शब्दाबरोबर संसार करत आली होती. श्रावणात दरड कोसळल्याची बातमी आली की रात्रभर दिवा लावून बसलेली आई आमच्यापैकी एकाने लहानपणी कितीदा पाहिली होती.

आम्ही म्हणालो, "आई, आज रात्री घाट आहे असं म्हणाले."

आई काही बोलली नाही. काचेतून आत पाहत राहिली. मग तिने विचारलं, "बँकर लागलेत ना?"

आत ऑक्सिजनची नळी होती, सलाईन होतं, टिकटिक करणारी यंत्रं होती. आम्ही म्हणालो, "लागलेत."

"मग झालं. बसा तुम्ही पण." तिने बाकावर आम्हाला जागा करून दिली.

ती रात्र कशी गेली ते लिहिण्यासारखं नाही. लेकीला शेजारच्या जपानी बाईंनी स्वतः येऊन घरी नेलं. आम्ही आणि आई तिथेच. मधेच आई पुटपुटली, "पळसदरी गेलं असेल." पुन्हा बऱ्याच वेळाने, "ठाकूरवाडी." आधी आम्हाला वाटलं, तिला ग्लानी आली. मग उमगलं, ती एकेक ठिकाण मोजत होती. पहाटे चारच्या सुमाराला "मंकी हिल" म्हणाली आणि भिंतीला डोकं टेकून तिला झोप लागली.

सकाळी डॉक्टर आले. या वेळी कुणाला हातावर लिहावं लागलं नाही. "तोगे वा कोएमाशिता." घाट ओलांडला. आम्ही आईला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे उतार पडला."

आम्ही दोघं थबकलो. उतार पडला! ताप चढतो, ताप उतरतो. दुखण्याला उतार पडतो. जन्मभर आपण हे बोलत आलो आणि त्यात डोंगर आहे हे कधी दिसलं नाही. जपानी माणसाने जो घाट एका अक्षरात बांधला, तो आपल्या भाषेत दोन टोकांना पडलेला होता: एका टोकाला 'चढ', दुसऱ्या टोकाला 'उतार'. मधला माथा कांजीने दाखवला. परकी भाषा शिकलो की आपली विसरते, अशी भीती आपल्या मुलांच्या बाबतीत आपण नेहमी बोलून दाखवतो. आमचा अनुभव त्या दिवशी उलटा झाला.

बाबांना शुद्ध आल्यावर ही कथा सांगितली. नळ्यांमधून बोलता येत नव्हतं, पण ते हसले. पुढे चार दिवसांनी नर्स त्यांना चालवायला आली आणि ते घाईघाईने उठायला लागले, तेव्हा आईने दटावलं, "उतारावर घाई नाही. तुम्हीच सांगता ना?" बरं व्हायला पुढे महिना लागला. तिकिटं बदलली, व्हिसा वाढवून घेतला, विम्याने भरलं ते भरलं, उरलेलं आम्ही हप्त्याहप्त्याने फेडलं. जुलैअखेर आई-बाबा कर्जतला परत गेले. आईच्या हँडबॅगेत कामामेशीचं एक मडकं, झाकणासकट.

३० सप्टेंबर १९९७ला योकोकावाहून शेवटची गाडी घाट चढली. दुसऱ्या दिवशी शिनकानसेन सुरू झाली. आम्ही वर्तमानपत्रातलं चित्र कापून कर्जतला पाठवलं. बाबांनी उलट टपाली लिहिलं, "वाईट वाटलं. पण बोगदा काढला म्हणून डोंगर जात नाही."

तेव्हापासून हा शब्द आम्हाला जागोजागी भेटू लागला. सप्टेंबरमध्ये उकाडा कमी व्हायला लागला की बातम्यांत सांगतात, उन्हाळ्याने तोगे ओलांडला. ऑफिसात मोठं काम अर्ध्याच्या पुढे सरकलं की साहेब तेच म्हणतात. आणि एखादा खेळाडू उतरणीला लागला, तरी तोच शब्द. आता आमच्याही निवृत्तीच्या गोष्टी निघतात तेव्हा लेक हा शब्द वापरून आमची चेष्टा करते. तिला कांजी आमच्यापेक्षा कितीतरी जास्त येतात. हे एक अक्षर मात्र तिला आम्ही शिकवलं.

बाबा २०११ साली कर्जतच्या घरी गेले. त्या वेळी आम्हाला कुणी काही आधी सांगितलं नाही. फोनवर "थोडे सिरियस आहेत, जमलं तर या" एवढंच. आम्ही पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. धाकट्या भावावर आम्ही रागावलो नाही. आम्हाला काळजी वाटू नये म्हणून त्याने तसं सांगितलं. आम्हीही इस्पितळात तेच करणार होतो. पण आम्हाला वाटतं, त्याने "आज रात्री घाट आहे" एवढं म्हटलं असतं, तर निदान तोक्योत ती रात्र आम्ही जागून काढली असती. पळसदरी, ठाकूरवाडी मोजली असती.

तेराव्यानंतर आईने बाबांची रेल्वेची जुनी वही आमच्या हातात दिली. तिच्यात तो कामामेशीचा कागद घडी करून ठेवलेला होता. मागे त्यांच्या अक्षरात: डोंगर, वर, खाली = घाट. 'खाली'तली शेवटची छोटी तिरकी रेघ द्यायला ते विसरले होते. आम्ही ती दिली नाही. कागद तसाच आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पुन्हा योकोकावाला गेलो. रूळ आता तिथेच संपतात. जुन्या शेडच्या जागी १९९९ साली रेल्वे संग्रहालय झालं. ती निळी इंजिनं तिथे उभी आहेत. दातेरी पट्टीच्या काळातल्या जुन्या मार्गावरून विटांच्या कमानींच्या पुलापर्यंत पायी जाता येतं. आम्ही कामामेशी घेतली आणि वर चढलो. खाली येताना गुडघे बोलायला लागले. "चढताना इंजिनाची परीक्षा..." असं आमच्यापैकी एकाने म्हटलं आणि उरलेलं वाक्य दुसऱ्याने पुरं केलं.

कर्जतच्या घरी त्या मडक्यात अजून दही लागतं. आईला आता नीट दिसत नाही, पण झाकण कुठलं ते तिला हाताला कळतं.

तुमच्याही घरी असं एखादं अक्षर, एखादा इथला शब्द असेल. मुलांना त्याची गोष्ट सांगून ठेवा. आणि जमलं तर पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा. आम्ही वाचू. थोडं थोडं वाचता येतं आम्हाला.